कड उकळते, मधे बर्फ: मायक्रोवेव्ह बिघडलाय की वापरायची पद्धत?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही तिघं पुण्यात फ्लॅटवर राहता, घरमालकाने ठेवलेला 20 लिटरचा सोलो (म्हणजे ग्रिल-कन्व्हेक्शन नसलेला साधा) मायक्रोवेव्ह आहे, कोल्हापूरहून आई दर पंधरा दिवसांनी गोठवलेले डबे पाठवते. फुल्ल पॉवरवर पाच मिनिटं लावलं की रश्श्याची कड उकळून बाहेर आणि मधे बर्फाचा गोळा तसाच. परवा ते चिकन आणि आदल्या रात्रीचा भात खाऊन दोघांची पोटं बिघडली. म्हणून विचारतोयस की मशीन खराब झालंय का आणि जास्त वॅटचा नवा घ्यावा का. (तू म्हणतेय, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल.)

आधी माझं सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. नवीन मायक्रोवेव्ह घेतला की कंपनीकडून फ्री डेमोला एक बाई यायच्या ना, ती बाई मी. सोळा-सतरा वर्षं डोंबिवली, ठाणे, कल्याण भागात घरोघरी जाऊन हेच केलं, आता घरीच क्लास घेते. डॉक्टर नाहीये, त्यामुळे पोटाचं थांबत नसेल, ताप असेल, रक्त पडत असेल तर हे वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आता मुद्दा. मशीन बिघडलेलं नाही असं मला नव्वद टक्के वाटतं. आणि नवीन जास्त वॅटचा घेतलास तर कड अजून लवकर उकळेल, मधला बर्फ तिथेच राहील. तुझ्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, एक सारखं गरम कसं करायचं आणि दुसरा पोट कशाने बिघडलं, आणि दुसऱ्याचं उत्तर बरंचसं मायक्रोवेव्हच्या बाहेर आहे. त्याकडे नंतर येते.

मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो हे आपल्याकडे सगळे छातीठोक सांगतात. तसं नाहीये. त्या लहरी बाहेरून आत शिरतात आणि साधारण दोन-तीन सेंटीमीटरवर त्यांचा जोर संपतो. तिथपर्यंत थेट गरम होतं, त्याच्या आतलं सगळं शेजारच्या गरम थराकडून हळूहळू तापतं, अगदी गॅसवरच्या पातेल्यासारखंच. म्हणजे तुझा पाच इंच खोल डबा असेल तर मधल्या भागापर्यंत लहर पोचतच नाही. त्यात रस्सा खारट. मीठ जास्त असलं की लहरी वरच्या थरातच शोषल्या जातात, आत अजूनच कमी जातात, म्हणून साध्या पाण्यापेक्षा रश्श्याची कड आधी उकळते.

आणि गोठवलेल्याची एक वेगळीच गंमत आहे. पाणी या लहरी भराभर शोषतं, बर्फ जवळजवळ शोषतच नाही. डब्याच्या कडेला जरा कुठे वितळून पाणी झालं की सगळी ताकद त्या पाण्याकडे जाते, ते अजून तापतं, अजून शोषतं, आणि बाजूचा बर्फ बघत बसतो. जिथे तापलं तिथेच अजून तापत जातं. म्हणून गोठलेलं अन्न फुल्ल पॉवरवर लावणं ही सगळ्यात कॉमन चूक, आणि मी ज्या घरात डेमोला गेले त्यातल्या निम्म्या घरांत तेच चालायचं, कारण तो डिफ्रॉस्टचा, म्हणजे गोठलेलं वितळवायचा, खटका कशासाठी असतो ते कुणी सांगितलेलंच नसायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे आतल्या पेटीत लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही जागी जोर जास्त आणि काही जागी जवळपास काहीच नाही. लहरीची लांबी 12 सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे अशा जागा साधारण सहा-सहा सेंटीमीटरवर येतात. टर्नटेबल फिरतं ते याचसाठी, अन्न त्या जागांमधून फिरत राहावं म्हणून. पण फिरताना बरोबर मधला बिंदू फिरून फिरून तिथेच राहतो ना!

हे डोळ्याने बघायचं असेल तर रविवारी पापड टेस्ट कर, क्लासमधे पहिल्या दिवशी मी हीच दाखवते. उडदाचे कच्चे पापड टर्नटेबलवर पसरून ठेव, मधे एक नक्की येऊ दे. फुल्लवर वीस-वीस सेकंद लावून बघत जा. कुठे पांढरे फुगलेत आणि कुठे पिवळे कच्चे राहिलेत तो तुझ्या मशीनचा नकाशा. बहुतेकांच्या मशीनमधे मधला कच्चा राहतो, काहींच्यात उलटं असतं, म्हणून दुसऱ्याचं ऐकू नकोस, स्वतःच्याचं बघ. पापड करपायला लागले की लगेच बंद कर, कोरडी वस्तू पटकन पेट घेते. (शेंगदाणे भाजताना तर नेहमीच होतं, बाहेरून छान गुलाबी दिसतात आणि फोडले की आतून काळे, म्हणून एकेक मिनिटाने बाहेर काढून हलवायचे आणि थोडे कमीच भाजलेले असताना थांबायचं, गार होईपर्यंत ते आतून भाजतच राहतात.)

दुसरी टेस्ट वॅटची. घरमालकाचं मशीन जुनं असणार आणि मागच्या पट्टीवर जो 1200 वगैरे आकडा असतो तो वीज किती खातो त्याचा, अन्नाला त्यातले सातशे-आठशेच मिळतात. एक लिटर पाणी घे, थर्मामीटरने तापमान बघ, फुल्लवर दोन मिनिटं लाव, चमच्याने ढवळून परत बघ. जितके अंश वाढले त्याला 35 ने गुण. वीस अंश वाढले तर 700 वॅट. जेवणात घालायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तिघांत मिळून घ्या, पुढे पण लागणार आहे. ही टेस्ट दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा कर. जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनची ताकद चांगलीच कमी होते, आणि मग बायका मला फोन करून सांगायच्या की मॅडम सकाळी बरोबर झालं आणि रात्री कच्चं राहिलं. रेसिपीत 900 वॅटला पाच मिनिटं लिहिलं असेल तर 700 वर ते साधारण साडेसहा मिनिटं होतात, एवढा साधा हिशोब.

म्हणून मी तुला "चिकनला इतकी मिनिटं" असं सांगूच शकत नाही. ते तुझ्या मशीनवर, डबा फ्रीजरमधून काढलाय की फ्रीजमधून, किती आहे, भांडं कसलं आहे यावर ठरतं. गॅसवर दोन वाट्या काय आणि चार काय, इतका फरक जाणवत नाही, पण इथे ताकद ठरलेली असते आणि ती वाटून घ्यायची असते, दुप्पट अन्न म्हणजे जवळपास दुप्पट वेळ. पद्धत मात्र सांगते.

डबा आदल्या रात्रीच फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमधे ठेव. अर्ध्याहून जास्त प्रॉब्लेम इथेच संपतो. विसरलास तर डिफ्रॉस्ट किंवा 30 टक्के पॉवर. साध्या मशीनमधे 30 टक्के म्हणजे लहरी बारीक होत नाहीत, मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो आणि मग काही सेकंद गप्प बसतो, कान दिलास तर घुंईई आवाज बदललेला कळेल. त्या गप्प बसण्याच्या वेळात कडेची उष्णता आत सरकते, तेच आपल्याला हवं असतं. (इन्व्हर्टरवाल्यात खरंच ताकद कमी होते, पण तुझ्याकडचा जुना असेल तर बहुतेक तसला नसणार.) दोन-दोन मिनिटांनी उघड, वितळलेलं बाजूला कर, गोळा फोड, उलटा कर. आणि मायक्रोवेव्हमधे वितळवलं की लगेच पूर्ण गरम करायचं किंवा शिजवायचं, परत "नंतर बघू" म्हणून ओट्यावर ठेवायचं नाही, कारण कडा तोपर्यंत कोमट झालेल्या असतात आणि जंतूंना तेच आवडतं.

मग ते उथळ, पसरट, गोल भांड्यात काढ. चौकोनी डब्याचे कोपरे दोन बाजूंनी मार खातात म्हणून आधी करपतात. मऊ भात किंवा जाडसर भाजी असेल तर मधे बोटाने खळगा कर, कंकणासारखं पसर, म्हणजे मधली ती आळशी जागा रिकामीच राहील. चिकनचे पीस असतील तर जाड बाजू बाहेर, बारीक बाजू मधे. आणि शक्य असेल तर भांडं टर्नटेबलच्या बरोबर मधे न ठेवता जरा सरकवून ठेव.

झाकण हवंच. घट्ट नाही, एका कडेने वाफ जाईल असं. उलटी ताटली चालते, काचेची किंवा चिनी मातीची. कोंडलेली वाफ सगळीकडे सारखी फिरते, लहरी जिथे पोचत नाहीत तिथेही ती पोचते. झाकण ठेवणारे लोकही म्हणतात की आत घाण उडते म्हणून ठेवतो, अरे घाण राहू दे, ते शिजण्यासाठी आहे. कोरड्या भातावर दोन चमचे पाणी शिंपडायचं ते पण त्याचसाठी. भाजी शिजवताना मात्र मीठ वरून भुरभुरवू नकोस, जिथे पडतं तिथे सुकून सुरकुततं, पाण्यात विरघळवून घाल.

70 टक्क्यांवर लाव, अर्ध्या वेळात काढून तळापासून ढवळ, परत लाव. आणि पूर्ण झाल्याची बीप वाजली की दार उघडून खायला बसायचं नाही. झाकणासकट दोन-तीन मिनिटं राहू दे, अन्न जास्त असेल तर पाच. आम्ही याला स्टँडिंग टाइम म्हणायचो आणि डेमोत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे व्हायचं, लोकांना वाटायचं ही बाई बोलण्यात वेळ काढतेय. तो वेळ शिजण्याचाच भाग आहे, गरम कडा आतल्या गार भागाला उष्णता देत असतात. बीप वाजल्या वाजल्या मोजलंस तर कड 95 आणि मध्य 50 असा फरक दिसेल, तीन मिनिटांनी ढवळून मोजलंस तर तो बराच कमी झालेला असेल.

मोजायचं किती? अमेरिकेतल्या कृषी खात्याचा आकडा 74 अंश, उरलेलं अन्न असो की कोंबडी, आणि तो मधल्या, सगळ्यात जाड जागी. ब्रिटनमधे 70 अंश आणि त्यावर दोन मिनिटं असं सांगतात. दोन्हीचा अर्थ एकच. तीन-चार ठिकाणी खुपसून बघ आणि सगळ्यात कमी आकडा धर, जास्तीचा नाही. थर्मामीटर नसेल तर निदान मधून चमचाभर काढून वाफा येतायत का ते बघ, नुसतं कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं धरू नकोस. रंगावर पण जाऊ नकोस. हाडाजवळचं मांस शिजूनही कधी कधी लालसर दिसतं आणि कधी पांढरं दिसून कच्चं असतं.

कच्चं चिकन यात शिजवावं का? बोनलेसचे एकसारखे तुकडे, एकाच थरात, झाकून, मधे एकदा हलवून, हो, होतं छान. हाडासकट मोठे तंगडीचे पीस मी स्वतः सोलोमधे शिजवत नाही, हाडाच्या मागे लहर नीट पोचत नाही. तुमच्याकडे कुकर असेलच, तीन शिट्ट्या काढ आणि मोकळा हो. आणि थोडं इथे अर्धवट शिजवून ठेवू, उरलेलं रात्री गॅसवर करू, हे कच्च्या चिकनच्या बाबतीत कधीच नाही.

आता तुझं पोट. तू चिकनला दोष देतोयस, असेलही, पण मला भाताचा जास्त संशय येतोय. "रात्रीचा भात" लिहिलंयस, तो रात्रभर कुठे होता? ओट्यावर कुकरमधेच असेल तर ऐक. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्या करणारं जे विष आहे ते परत गरम करून जात नाही. जंतू मरतील, विष राहील. म्हणजे तू तो भात 74 काय, 100 अंशावर नेला असतास तरी उपयोग नव्हता. मला माहितीये, सगळ्यांच्या घरी रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, आमच्याकडेही व्हायचा आणि कुणाला काही झालं नाही असं आई म्हणेल. बऱ्याचदा होत नाही. पण पुण्यातला एप्रिल-मे आणि बंद कुकर, मी तरी खेळणार नाही. भात उरला की पसरट ताटात मोकळा कर, वाफ जाऊ दे, तासाभरात फ्रीजमधे, दुसऱ्या दिवशी संपव, आणि गरम करायचा तो एकदाच. बाकी अन्नालाही बाहेर राहायची मर्यादा दोन तास धर, उकाडा जास्त असेल तर एकच. डब्यातून आज खायचं तेवढंच काढून गरम कर, सगळा डबा गरम करून उरलेला परत फ्रीजमधे, असं फिरवत राहू नकोस.

हात भाजण्याचे, फुटण्याचे प्रकार जरा भराभर सांगते. कवचासकट अंडं कधीच नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सोललेलं उकडलेलं अंडंही आत वाफ कोंडून फुटतं, कधी तर तोंडात चावल्यावर. अंडाकरी गरम करताना अंडी अर्धी कापायची. भरताचं वांगं, बटाटा, रताळं यांना काट्याने चार-सहा ठिकाणी टोचायचं. नुसतं पाणी गुळगुळीत कपात जास्त वेळ ठेवलं तर ते उकळी न येताच उकळीच्या वर तापतं आणि कॉफी टाकली की एकदम उसळतं. माझ्या उजव्या मनगटावर त्याचा डाग आहे, तोही दुसऱ्यांना शिकवताना घडलेला! पाण्यात लाकडी चमचा ठेवून गरम कर आणि अर्धा मिनिट थांबून मग काढ. बाळाची दुधाची बाटली यात गरम करायची नसते, बाटली कोमट लागते आणि आतला एखादा घोट पोळणारा असतो, तुम्हाला सध्या लागू नाही पण वाचणाऱ्या कुणाला असेल. पुरणपोळी, करंजी, मोदक यांचं तसंच, बाहेरचं कोरडं आवरण कमी तापतं आणि आतलं गूळ-पाण्याचं सारण भडकतं. दहा-पंधरा सेकंद, मग मोडून बघ, मग तोंडात. साधी पोळी पण ओलसर फडक्यात गुंडाळून तेवढीच, जास्त केलीस तर चामडं.

भांड्यांचं. स्टीलचा डबा नको, लहरी त्यातून आत जातच नाहीत आणि धारदार कडांना ठिणग्या उडतात. सोनेरी काठाचे कप पण नकोत. हॉटेलच्या पार्सलचे पातळ प्लास्टिकचे डबे, त्यात तर्री असेल तर अजिबात नको, तेल शंभर अंशाच्या बरंच वर जातं आणि डब्याला तर्रीच्या रेषेवर खड्डे पडतात, ते प्लास्टिक कुठे गेलं विचार कर. मेलामाईनच्या रंगीत प्लेटा स्वतःच तापतात, त्याही नकोत. बोरोसिल किंवा तसली उष्णता सहन करणारी काच बरी, फक्त फ्रीजमधून काढून थेट फुल्लवर नको. एखाद्या भांड्याबद्दल शंका आली तर ते रिकामं ठेव, शेजारी पेलाभर पाणी, एक मिनिट फुल्ल. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर चालेल, भांडंच तापलं तर ते बाद.

रूममेट रेडिएशनला घाबरतो लिहिलंयस. त्याला सांग पहिला मायक्रोवेव्ह 1947 मधे विकायला आला, माणसाएवढा उंच होता, रडारचं तंत्र होतं ते. या लहरी अन्नात राहत नाहीत, बटन बंद की संपल्या, अन्न किरणोत्सर्गी वगैरे होत नाही. काळजी घ्यायची ती दाराची. दार वाकडं बसत असेल, काचेमागची जाळी फाटली असेल, बिजागरी सैल असेल तर वापरू नका. आत उजव्या बाजूला पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा पत्रा असतो, त्यावर तेल उडून काळा झाला असेल तर तिथूनच ठिणग्या येतात, तो स्वस्तात बदलून मिळतो. पण मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे जीव घेईल एवढी वीज साठलेली असू शकते. रिकामा चालवायचा नाही. आणि अर्थिंग असलेल्या मोठ्या 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लाव, एक्स्टेंशन बोर्डवर नको, फ्लॅटवर राहणारी मुलं हमखास तेच करतात.

तर आधी पापड आणि पाण्याची टेस्ट कर, आकडे इथे लिही, मग तुझ्या मशीनवर अर्धा किलो रश्श्याला किती वेळ लागेल ते मी अंदाजाने सांगू शकेन. पाण्याच्या टेस्टमधे दोन्ही वेळेला 500 च्या खाली आकडा आला तर मात्र बहुतेक मॅग्नेट्रॉन थकलाय, मग घरमालकाशी बोला.

आणि शेवटी लिहिलंयस की परवाचा अर्धा उरलेला चिकनचा डबा परत फ्रीजमधे आहे, टाकवत नाही, आईने केलंय. टाकून दे. आईला सांगू नकोस.